उत्तरं जुळली म्हणजे बरोबर आली का?

"तुझं तेविसाव्याचं काय आलं?"

परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की हा प्रश्न कानावर येतोच. तुम्ही नेट द्या, गेट द्या, नाहीतर एखाद्या विद्यापीठाची पेट द्या, पेपर सुटल्यावर पहिली पंधरा मिनिटं उत्तरं जुळवण्यातच जातात. घरचे म्हणतात, "झालेल्या पेपरची चर्चा नको, पुढच्याचा अभ्यास कर." क्लासवाले सर पण तेच सांगतात. आणि तरीही आपण जुळवतोच.

माझीच गोष्ट सांगते. एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठीच्या एका प्रवेश परीक्षेला आम्ही पाच जण एकाच केंद्रावर होतो. पेपर सुटला, समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि सुरू झालो. एका प्रश्नावर गाडी अडली. बाहेरून उष्णतारोधक असलेला एक बंद, कडक डबा, मधे पडदा. एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला निर्वात पोकळी. पडदा फाटतो आणि वायू सगळ्या डब्यात पसरतो. खालीलपैकी कोणती राशी बदलत नाही? पर्याय होते तापमान, आंतरिक ऊर्जा, दाब आणि एन्ट्रॉपी.

चौघांनी तापमान लिहिलं होतं. मी आंतरिक ऊर्जा. "अगं, फ्री एक्स्पान्शन आहे ते, तापमान तेच राहतं, पाठच आहे की," एक जण म्हणाला. मी म्हणाले, "हं, गडबडीत चुकलं वाटतं." आणि चहा संपवला.

या प्रश्नाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. त्याआधी तुम्हाला अमेरिकेतल्या दोन परीक्षांची हकिकत सांगायची आहे. परीक्षेनंतर उत्तरं पडताळून पाहण्याचा हक्क विद्यार्थ्यांना कसा मिळाला, आणि मिळाल्याबरोबर त्यांनी काय केलं, याचा हा इतिहास आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

बंद पेटीतली परीक्षा

अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशासाठी एसएटी नावाची परीक्षा असते, हे तुम्हाला ठाऊक असेल. पहिली एसएटी २३ जून १९२६ रोजी झाली. सुमारे आठ हजार मुलं बसली होती. पुढे १९४७ मध्ये अशा परीक्षा तयार करणं आणि तपासणं यासाठी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजे ईटीएस, ही संस्था उभी राहिली. तुमच्यापैकी कुणी जीआरई किंवा टोफेल दिली असेल तर ती घेणारी हीच संस्था. एसएटीच्या आधी सराव म्हणून अकरावीच्या सुमारास दिली जाते ती पीएसएटी. तिच्यावर एक मोठी राष्ट्रीय शिष्यवृत्तीही अवलंबून असते, त्यामुळे तिला नुसता सराव म्हणून चालत नाही.

या परीक्षांचा अनेक दशकं एक साधा नियम होता: पेपर आत, मुलं बाहेर. प्रश्नपत्रिका परत घेतली जायची. बरोबर उत्तरं कोणती हे जाहीर होत नसे. तुम्ही कोणता गोल काळा केला होता हेही नंतर बघायला मिळत नसे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तर एसएटीचे गुणसुद्धा थेट विद्यार्थ्याला कळवत नसत, ते शाळेकडे आणि कॉलेजकडे जायचे.

म्हणजे विचार करा. ज्या गुणांवर तुमचं कॉलेज ठरतं, ते कुठल्या उत्तरांवरून आले हे तुम्हाला कधीच कळणार नाही. उरतं काय? फाटकाबाहेर उभं राहून आठवणीतून उत्तरं जुळवणं. आणि ती जुळली नाहीत, तर कोण बरोबर हे ठरवणारं कुणीच नाही.

आता संस्थेची बाजूही ऐकायला हवी, कारण तिच्यात तथ्य होतं. असा प्रश्न तयार करणं महाग काम आहे. तो आधी हजारो मुलांवर आजमावतात. काही जुने प्रश्न पुन्हा वापरावे लागतात, म्हणजे या वर्षीचे ५०० गुण आणि मागच्या वर्षीचे ५०० गुण सारख्याच पातळीचे आहेत हे ताडून बघता येतं. पेपर बाहेर गेला की तो प्रश्न वाया गेला. शिवाय आमचे प्रश्न तज्ज्ञ अनेकदा तपासतात, चूक राहणं जवळजवळ अशक्य आहे, असा विश्वास होता.

१९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने या बंद पेटीला हात घातला. राज्याच्या सिनेटमधले केनेथ लाव्हाल यांनी मांडलेला कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९८० पासून लागू झाला. त्याला लोक 'ट्रूथ इन टेस्टिंग' कायदा म्हणू लागले. कायद्याने विद्यार्थ्याला तीन गोष्टी मागण्याचा हक्क दिला: प्रश्न, संस्थेने बरोबर धरलेली उत्तरं आणि आपली स्वतःची उत्तरं. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी कडाडून विरोध केला होता. पण एकदा एका मोठ्या राज्यात पेपर खुला झाल्यावर तो इतरत्र झाकून ठेवण्यात फारसा अर्थ राहिला नाही. हळूहळू इतर राज्यांतल्या मुलांनाही पेपर मिळू लागले.

पाच की सात?

ऑक्टोबर १९८० मध्ये पीएसएटी झाली. गणिताच्या भागात दोन पिरॅमिडांचा प्रश्न होता. एकाचा तळ चौरस, म्हणजे त्याला एकूण पाच सपाट पृष्ठं. दुसरा चतुष्फलक, म्हणजे चारही पृष्ठं त्रिकोणी. दोन्हींचे सगळे त्रिकोण समभुज आणि एकाच मापाचे. आता चतुष्फलकाचा एक त्रिकोण चौरस पिरॅमिडाच्या एका त्रिकोणावर बरोबर बसेल असा चिकटवला. तयार झालेल्या आकाराला बाहेरून किती पृष्ठं दिसतील?

हिशोब सरळ वाटतो. पाच आणि चार मिळून नऊ. चिकटलेली दोन आत गेली. राहिली सात. संस्थेचं उत्तरही सात होतं.

फ्लोरिडातल्या कोको बीच इथल्या डॅनियल लोवेन या सतरा वर्षांच्या मुलाने पाच लिहिलं होतं. निकालाबरोबर पेपर आणि उत्तरतालिका हातात आली तेव्हा त्याला आपलं उत्तर चूक धरलेलं दिसलं. त्याने ते सोडून दिलं नाही. त्याचे वडील इंजिनिअर होते. त्यांच्याशी बोलून, पडताळून झाल्यावर तक्रार संस्थेकडे गेली. मार्च १९८१ मध्ये संस्थेने मान्य केलं की पाच हे उत्तर बरोबर आहे. सुमारे २ लाख ४० हजार विद्यार्थ्यांचे गुण वाढवावे लागले. ही बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली.

पाच कसं, ते तुम्ही डोक्यातल्या डोक्यात पाहू शकता. चौरस तळाचे असे दोन पिरॅमिड टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, तळाची एकेक कड एकमेकींना चिकटवून. प्रत्येक कड १ सेंटिमीटर समजा. शिखर चौरसाच्या बरोबर मध्यावर असतं, आणि शेजारच्या दोन चौरसांच्या मध्यांमधलं अंतर १. म्हणून दोन शिखरांमधलं अंतरही १. आता मधली खोबण पाहा. दोन शिखरं आणि सामाईक कडेची दोन टोकं असे चार बिंदू आहेत, आणि त्यांतल्या कोणत्याही दोघांमधलं अंतर १. म्हणजे त्या खोबणीत चतुष्फलक तंतोतंत बसतो!

पुढची गंमत आता. दोन्ही पिरॅमिडांची समोरची पृष्ठं एकाच रेषेवरून, एकाच उतारानं वर जातात, म्हणजे ती एकाच प्रतलात आहेत. मधल्या चतुष्फलकाच्या समोरच्या त्रिकोणाचे तिन्ही कोपरे त्याच प्रतलात पडतात. मागच्या बाजूलाही तसंच. म्हणून चतुष्फलक एका पिरॅमिडाला चिकटवला की त्याची दोन पृष्ठं पिरॅमिडाच्या दोन पृष्ठांशी सलग होतात आणि चार पृष्ठांची दोनच मोठी पृष्ठं होतात. सात वजा दोन, पाच. कोनांनी पाहायचं तर चतुष्फलकाच्या दोन पृष्ठांमधला कोन सुमारे ७०.५३ अंश आणि पिरॅमिडाच्या शेजारच्या दोन त्रिकोणी पृष्ठांमधला १०९.४७ अंश. बेरीज बरोबर १८०.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गुण २ लाख ४० हजार मुलांचे वाढले, म्हणजे डॅनियल एकटा नव्हता. बरोबर उत्तराची किंमत ज्यांना मिळाली नव्हती अशी मुलं देशभर होती. आपलं उत्तर तालिकेशी जुळत नाही हे त्यांतल्या पुष्कळांनी पाहिलं असेल आणि "आपलंच चुकलं" म्हणून कागद बाजूला ठेवला असेल. मी ठेवला असता, हे खात्रीने सांगू शकते.

सगळ्यांचं जुळलं, आणि सगळ्यांचं चुकलं

दुसरी हकिकत पुढच्याच वर्षीची. १ मे १९८२ रोजी एसएटी झाली. सुमारे तीन लाख मुलं बसली. प्रश्न असा: वर्तुळ अ ची त्रिज्या वर्तुळ ब च्या त्रिज्येच्या एक तृतीयांश आहे. अ हे ब च्या परिघावरून बाहेरून गडगडत जातं. त्याचा मध्य पहिल्यांदा सुरुवातीच्या जागी परत येईपर्यंत अ चे किती फेरे होतील? पर्याय होते ३/२, ३, ६, ९/२ आणि ९.

परिघ तिप्पट, म्हणून तीन. संस्थेनेही तीनच धरलं होतं. या पेपरनंतर फाटकाबाहेर काय झालं असेल याची कल्पना करा. "तुझं काय आलं?" "तीन." "माझंपण." हा प्रश्न सगळ्यांना जुळला असणार, आणि जुळलेल्या प्रश्नावर कोण थांबतं?

तिघं थांबले. शिवन कार्था, ब्रूस टॉब आणि डग युंगराइस अशी त्यांची नावं. त्यांनी संस्थेला कळवलं की बरोबर उत्तर चार आहे, आणि ते पर्यायांतच नाही. मे महिना संपण्याआधी संस्थेने चूक जाहीर केली, तो प्रश्न रद्द केला आणि सगळ्यांचे गुण पुन्हा मोजले.

घरी करून पाहा. एक रुपयाची दोन सारखी नाणी घ्या. एक दाबून धरा, दुसरं त्याच्या कडेवरून न घसरता फिरवा. परिघ सारखाच, म्हणजे एक गिरकी व्हायला हवी ना? पण अर्ध्या वाटेवरच नाण्यावरचा आकडा पुन्हा सरळ झालेला दिसेल. पूर्ण फेरीत दोन गिरक्या होतात. एक गिरकी परिघ कापल्याची आणि एक गोल वाटेवरून गेल्याची. सूत्राने पाहायचं तर लहान वर्तुळाचा मध्य r + ३r म्हणजे ४r त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो. त्याने कापलेलं अंतर २π × ४r. त्याला २πr ने भागा. चार.

खगोलशास्त्रवाल्यांना हे जुनंच आहे. वर्षात आपण सूर्योदय मोजतो सुमारे ३६५.२४, पण ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी स्वतःभोवती ३६६.२४ वेळा फिरलेली असते. ती जादा गिरकी सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेची.

अजून एक गंमत आहे. मूळ प्रश्नात शब्द होता रिव्होल्यूशन. आपण शाळेत भूगोलात दोन वेगळे शब्द शिकलो: स्वतःभोवती फिरणं ते परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणं ते परिभ्रमण. खगोलशास्त्राच्या भाषेत रिव्होल्यूशन म्हणजे परिभ्रमण. तो अर्थ घेतला तर उत्तर एक! मोठ्या वर्तुळाच्या मध्यावरून पाहणाऱ्याला लहान वर्तुळाचा तोच ठिपका तीनदा परिघाला टेकलेला दिसतो, त्या दृष्टीने तीनसुद्धा समर्थनीय. कुठून पाहताय आणि शब्दाचा कोणता अर्थ धरलाय, हे न सांगता "किती" हा प्रश्न पुरता विचारलाच जात नाही. तज्ज्ञांनी तपासलेल्या प्रश्नात हे सुटलं, कारण प्रश्न काढणारे, तपासणारे आणि सोडवणारे सगळे एकच गोष्ट गृहीत धरून चालले होते. त्यांची उत्तरं जुळत होती.

आपल्याकडे

आपल्याकडे आता तात्पुरती उत्तरतालिका आणि रिस्पॉन्स शीट हे सवयीचं झालंय. नेट, जेईई अशा परीक्षांत पैसे भरून प्रश्नावर हरकत घेता येते. ही सोय आपल्याला आपोआप मिळाल्यासारखी वाटते, पण तिच्यामागची कल्पना, म्हणजे परीक्षा घेणाऱ्यालाही तपासता आलं पाहिजे, ही कुठेतरी कुणीतरी भांडून मिळवलेली आहे.

आणि तिचा परिणाम किती मोठा असू शकतो ते २०२४च्या नीटमध्ये दिसलं. भौतिकशास्त्रातल्या अणूविषयीच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरले होते, कारण त्यातला एक पर्याय एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीशी जुळत होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं, त्यांनी एकच पर्याय बरोबर असल्याचं सांगितलं, आणि चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे गुण बदलले. पाठ्यपुस्तकाशी उत्तर जुळणं आणि उत्तर बरोबर असणं यांतला फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयात चर्चेला आला होता.

तिकडे अमेरिकेत मात्र काटा थोडा मागे फिरलाय. पीएसएटी २०२३च्या ऑक्टोबरपासून आणि एसएटी २०२४च्या मार्चपासून पूर्ण डिजिटल झाली. पहिल्या भागात तुम्ही कसं केलंत त्यावर दुसऱ्या भागाचे प्रश्न ठरतात. शेजारच्या बाकावरच्या मुलीला तुमचाच पेपर असेल असं नाही. दिलेला पेपर उत्तरांसह परत मिळण्याची जुनी सोयही बंद झाली. संस्थेची कारणं तीच, प्रश्न वाचवण्याची आणि पेपर फुटू न देण्याची. ती खोटी नाहीत. पण "तुझं तेविसाव्याचं काय आलं?" हा प्रश्न तिथे आता अनेकदा विचारताच येत नाही. पिरॅमिडाची चूक आज झाली, तर ती कुणाच्या हाताला लागेल?

मग जुळवायचं कसं?

संशोधनात उतरल्यावर तुम्हाला उत्तरतालिका नसते. असतात ते सहकारी, गाइड, छापून आलेले पेपर. तुमचा आकडा त्यांच्याशी जुळला तर तुम्ही सुखाने पुढे जाता, जुळला नाही तर चूक शोधत बसता. आपण चूक शोधतो ती नेहमी न जुळलेल्या ठिकाणी, आणि ही सवय धोक्याची आहे. १९८२चा प्रश्न जुळलेल्या ठिकाणीच चुकला होता.

म्हणून मी आता एक साधं पथ्य पाळते. कुणाशीही निकाल ताडून बघण्याआधी माझं उत्तर, त्याचं कारण आणि मी काय गृहीत धरलंय हे तारखेसकट वहीत लिहून ठेवते. मग बोलायला जाते. चर्चेत आकड्यांऐवजी गृहीतकं जुळवते. समोरच्याचं कारण पटलं तर बदलते. नुसती संख्या पाहून, म्हणजे ते चार आणि मी एकटी म्हणून, बदलत नाही. लॅबमध्ये यामुळे दोनदा माझी चूक सापडली आणि एकदा सगळ्यांची.

आता टपरीवरचा प्रश्न. पसरणाऱ्या वायूला उष्णता मिळत नाही, तो काम करत नाही, म्हणून त्याची आंतरिक ऊर्जा तीच राहते. हे कुठल्याही वायूला लागू. तापमान तेच राहतं ते फक्त वायू आदर्श असेल तर, आणि प्रश्नात 'आदर्श' हा शब्दच नव्हता. आदर्श धरला असता तर दोन पर्याय बरोबर ठरले असते. हे सगळं मला त्या दिवशी माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहून आले होते. चहाच्या एका कपात सोडून दिलं.

तात्पुरती तालिका आली तेव्हा तिच्यात तापमानच होतं. हरकत घ्यायला आठवडाभर मुदत होती. मी साइट उघडली, प्रश्न पाहिला आणि स्वतःला सांगितलं, चौघं आणि तालिका म्हणतेय तर तेच असेल. पान बंद केलं.

अंतिम तालिकेत उत्तर बदललेलं होतं: आंतरिक ऊर्जा.

कुणीतरी हरकत घेतली होती. कोण, कुठल्या गावाचं, मला कधीच कळणार नाही. माझ्या गुणपत्रिकेतले त्या प्रश्नाचे गुण त्या अनोळखी विद्यार्थ्याने मिळवून दिलेले आहेत. उत्तर माझं होतं, पण ते बरोबर आहे असं म्हणण्याचं काम दुसऱ्याच कुणीतरी केलं.

पुढच्या पेपरनंतर टपरीवर जरूर जमा. चर्चा करा. फक्त चहा यायच्या आधी आपलं कारण कागदाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवा.